फोटो खोटं बोलत नाही, पण...

आपल्याकडे एक्स-रेला सरळ ‘फोटो’ म्हणतात. ‘छातीचा फोटो काढला’, ‘फोटोत डाग दिसला’, ‘फोटो अगदी क्लिअर आला’... घराघरांतली ही भाषा. आणि फोटो म्हटलं की विश्वास आपोआप बसतो. लग्नाच्या अल्बममध्ये मामा दिसतोय म्हणजे तो मामाच असतो, त्यावर कोण कशाला वाद घालेल? छातीच्या फोटोचंही तसंच, असं आपण धरून चालतो. रक्ताच्या तपासणीत जसा आकडा येतो, तसा फोटोत आजार ‘येतो’, अशी आपली समजूत असते.

प्रत्यक्षात फोटोत येतात त्या फक्त छटा. हवेने भरलेलं फुप्फुस काळं दिसतं, हाडं पांढरी दिसतात आणि मधले करडे-पांढरे ठिपके कशाचे, हे एखादा माणूस ठरवतो. सर्दी-खोकल्यापुरता प्रश्न असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण जो माणूस दगडाच्या धुळीत काम करतो, त्याचं सगळंच या ठरवण्यावर अवलंबून असतं. काम सोडायचं की चालू ठेवायचं, औषध कोणतं घ्यायचं, भरपाई मिळणार की नाही आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोच्या हाती काही लागणार की नाही... म्हणून आज या ‘फोटो वाचण्या’बद्दल लिहायचं आहे. मी डॉक्टर नाही, साधी बी.ए. झालेली बाई आहे. पण वस्त्यांमधून काम करताना या फोटोंच्या पिशव्या इतक्या पाहिल्या आहेत की गप्प बसवत नाही.

आधी आजार समजून घेऊ. खडीचे क्रशर, दगडाच्या खाणी, काच कारखाने, ओतकामाचे कारखाने, विहिरींचं खोदकाम... अशा ठिकाणी सिलिकाची अतिशय बारीक धूळ उडते. डोळ्यांना न दिसणारे तिचे कण श्वासाबरोबर खोल फुप्फुसात जातात आणि तिथे गाठी-वण धरतात. याचं नाव सिलिकोसिस. धूळ भरपूर असेल तर काही वर्षांतच, नाहीतर दहा-वीस वर्षांनी माणूस धापा टाकू लागतो. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. वेळेवर कळलं तर एकच उपाय हातात असतो, तो म्हणजे धुळीतून बाहेर पडणं. म्हणजे फोटो चुकीचा वाचला गेला तर माणूस पुन्हा त्याच धुळीत कामाला जातो!

आपल्यातल्या अनेकींनी मुलांचा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतला असेल. ती पाटीवरची पेन्सिल बनवण्याचा धंदा मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागात चालत असे. तिथल्या कामगारांवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५९३ कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस होता. आपल्या लेकरांची अक्षरं कुणाच्या श्वासावर गिरवली गेली, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता फोटो वाचण्याकडे वळू. साखरेचा पाक एकतारी झाला की दोनतारी, हे आपण बोटांनी पाहतो. दोघी जणींचं मत वेगळं पडतं, आणि घाईच्या दिवशी आपलं स्वतःचंही मत वेगळं पडतं. एक्स-रेचं असंच काहीसं होतं, हे डॉक्टरांनीच फार पूर्वी शोधून काढलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी लहान फिल्म चांगली की मोठी, हे ठरवायला काही तज्ज्ञ बसले. त्यांचा अभ्यास १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. फिल्मच्या आकाराने पडणारा फरक बाजूलाच राहिला, पाहणाऱ्या माणसामाणसांतला फरकच त्याहून मोठा निघाला. पुढच्या अभ्यासांत दिसलं ते असं : एका डॉक्टरला ज्या फिल्ममध्ये दोष दिसे, त्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याला दुसरा डॉक्टर ‘काही नाही’ म्हणे. आणि तोच डॉक्टर तीच फिल्म काही काळाने पुन्हा पाहून साधारण पाचव्या हिश्श्याला स्वतःचंच मत बदले! यात कुणाची लबाडी नव्हती. माणसाचा डोळाच तसा आहे.

त्यात फिल्मच्या तऱ्हा वेगळ्या. फिल्म जास्त काळी निघाली तर बारीक ठिपके गडप होतात, फिकी निघाली तर नसलेले ठिपके असल्यासारखे वाटतात. पेशंटने पूर्ण श्वास भरून धरला नाही तर फुप्फुस उगाच पांढुरकं दिसतं. वय, लठ्ठपणा, विडी-सिगारेट यांचेही परिणाम होतात.

मग यावर उपाय काय? इंग्लंडशेजारच्या वेल्समध्ये कोळशाच्या खाणी होत्या. तिथल्या कार्डिफ शहरातल्या संशोधकांनी १९४९ च्या सुमाराला एक साधी युक्ती सुचवली. नमुन्याच्या काही फिल्म ठरवून ठेवायच्या आणि प्रत्येक नवी फिल्म त्यांच्या शेजारी धरूनच मत द्यायचं. साडीचा रंग जुळवायला आपण दुकानात ब्लाउजचं कापड घेऊन जातो ना, तसं! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५० पासून याच पद्धतीला वेळोवेळी सुधारत जगभरासाठी नियम केले. २०११ मध्ये डिजिटल फोटोंसाठीही ते लागू झाले.

या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. तिच्यात शंका लिहायला जागा आहे. ठिपके किती दाट, याच्या शून्य ते तीन अशा पायऱ्या आहेत आणि डॉक्टर दोन आकडे लिहितो. ‘१/०’ म्हणजे मी एक ठरवलं, पण शून्याचाही गांभीर्याने विचार केला. ‘०/१’ म्हणजे उलट, ठरवलं शून्य, पण एकही असू शकेल असं वाटून गेलं. किती प्रामाणिक! पण पुढे काय झालं? अमेरिकेत भरपाईच्या दाव्यांत याच दोन नोंदींच्या मधे रेघ मारली गेली. ‘१/०’ असेल तर आजारी, ‘०/१’ असेल तर निरोगी. खरं तर या नियमावलीतच स्पष्ट म्हटलं आहे की, भरपाई कुणाला द्यायची हे ठरवण्यासाठी ही वर्गवारी नाही. पण एकदा तिच्यावर पैसा ठरू लागला की दोन्हीकडून डोळ्यांवर वजन पडू लागतं.

ते किती पडतं, हे अमेरिकेत उघड झालं. तिथे अशा फिल्म वाचणाऱ्या डॉक्टरांना सरकारी परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे सगळे शिकलेले, तपासून घेतलेले लोक. अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांतल्या ४९२ फिल्म घेऊन केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दावा करणाऱ्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी त्यांपैकी जवळजवळ ९६ टक्के फिल्ममध्ये फुप्फुसात दोष असल्याचं लिहिलं होतं. त्याच फिल्म सहा स्वतंत्र तज्ज्ञांना दाखवल्या. त्यांच्या वाचनात हे प्रमाण निघालं फक्त साडेचार टक्के! त्यानंतरच्याच वर्षी टेक्सासमधल्या न्यायाधीश जेनिस ग्रॅहम जॅक यांच्यासमोर सुमारे दहा हजार लोकांचे सिलिकोसिसचे दावे होते. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक जणांचं निदान अवघ्या बारा डॉक्टरांनी केलेलं. हजारो जणांची नावं आधीच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या दाव्यांतही सापडली. एकाच डॉक्टरने एकाच माणसाच्या बाबतीत आधी एक आजार लिहिलेला, नंतर दुसरा! ही निदानं पैशासाठी तयार केलेली आहेत, असा निष्कर्ष न्यायाधीशबाईंनी काढला.

हे वाचून कुणी म्हणेल, ‘बघा, कामगारच खोटे!’ थांबा. नाण्याची दुसरी बाजूही तिथलीच आहे. कोळसा खाणीतल्या धुळीने होणाऱ्या आजाराला तिथे ‘काळं फुप्फुस’ म्हणतात. २०१३ मध्ये पत्रकारांनी त्याच्या दाव्यांचे कागद खणून काढले. जॉन्स हॉपकिन्स या जगप्रसिद्ध रुग्णालयात कोळसा कंपन्यांसाठी फोटो वाचणारा एक विभाग होता. त्याच्या प्रमुख डॉक्टरांनी २००० सालापासून निकाल लागलेल्या दीड हजारांहून अधिक प्रकरणांत फोटो पाहिले होते, आणि त्यांपैकी एकाही माणसात त्यांना या आजाराची गंभीर अवस्था सापडली नव्हती. एकाही! त्याच लोकांपैकी ३९० जणांच्या फोटोंत इतर डॉक्टरांना ती दिसली होती. हे डॉक्टर बहुतेक वेळा काय सुचवत? हा क्षय असेल किंवा बुरशीचा संसर्ग असेल. रुग्णालयाचं नाव एवढं मोठं की न्यायाधीशही त्याच मतावर विसंबत. बातम्या आल्यावर रुग्णालयाने ते काम थांबवलं आणि २०१५ मध्ये तो विभाग कायमचा बंद केला. तोवर किती खाणकामगार दावा हरून घरी गेले असतील!

‘क्षय असेल’ हे शब्द वाचताना मला आपल्याकडच्या वस्त्या आठवल्या. आपल्याकडे कोळसा कंपनीने डॉक्टर नेमलेला नसतो, पण डोळ्यांवर दुसरं वजन असतं, सवयीचं. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. छातीच्या वरच्या भागात डाग दिसला की डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा टी.बी.च येणार, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण सिलिकोसिसचे ठिपकेही बहुधा वरच्याच भागात उमटतात! त्यात धुळीने खराब झालेल्या फुप्फुसाला क्षय लवकर धरतो, म्हणून कधी दोन्ही एकदम असतात. अशा वेळी फरक करायला एकच प्रश्न पुरेसा असतो : ‘काम काय करता?’ गर्दीच्या ओपीडीत तोच विचारायचा राहून जातो.

क्रशरवर काम करणाऱ्या कुटुंबांच्या वस्तीत एका बाईने माझ्यासमोर प्लॅस्टिकची पिशवी रिकामी केली. नवऱ्याचे सहा फोटो, टी.बी.च्या औषधांची दोन कार्डं. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. तिने विचारलं, ‘‘ताई, एवढे फोटो काढले, पण ह्यांना काय झालंय ते एकातबी आलं नाही का वो?’’ मी एकेक कागद पाहिला. नाव होतं, वय होतं, वजन होतं. तो सोळा वर्षं खडी फोडतो, हे एकाही कागदावर नव्हतं.

नसलेल्या कागदांची किंमत किती, ते मध्य प्रदेशातल्या आदिवासींना विचारावं. अलिराजपूर, झाबुआ, धार या भागांतले लोक गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत मजुरीला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. त्यांपैकी २३८ जणांच्या मृत्यूबद्दल कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत, अशी शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये केली. पैसे द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश व्हायला २०१६ उजाडलं. ज्यांचा फोटो वेळेवर निघाला नाही, निघाला तो टी.बी. म्हणून वाचला गेला, त्यांच्या बायकांनी काय दाखवायचं? गेलेल्या माणसाचा फोटो आता कोण काढणार?

राजस्थानने २०१९ मध्ये या आजारांसाठी वेगळं धोरण केलं. प्रमाणपत्र मिळालं की रुग्णाला तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. चांगलीच गोष्ट. पण तिथेही खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आली. त्यावर दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, नियम आवळा, संशय असेल तर नाकारा. दुसरं म्हणतं, गरिबाला हवं तेवढं द्या, तपासता कशाला? मला दोन्ही पटत नाहीत. खोटं प्रमाणपत्र खऱ्या रुग्णाच्या ताटातलं काढून घेतं, आणि नुसता आवळलेला नियम त्याला ताटावरच बसू देत नाही.

कारण फोटो ‘क्लिअर’ आहे म्हणजे फुप्फुस चांगलं आहे, असंही नसतं. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीतल्या ५५७ कामगारांचे जिवंतपणीचे फोटो आणि मृत्यूनंतरची शवविच्छेदनं ताडून पाहिलेला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शवविच्छेदनात ज्यांना सिलिकोसिस सापडला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा आजार तिन्ही वाचकांपैकी सर्वांत चांगल्या वाचकाच्याही नजरेतून सुटला होता. आणि आपल्या मुंबईचं उदाहरण घ्या. गिरण्यांमध्ये कापसाच्या धुळीने बिसिनोसिस होतो. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी खात्यात पाऊल टाकलं की छाती आवळते, ही त्याची खूण. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत तर बायका काम करायच्या. या आजाराची फोटोत ठरावीक अशी खूणच नसते! फोटोवरच बोट ठेवून बसलं, तर त्या बाईला आयुष्यभर ‘तुला काही झालेलं नाही’ हेच ऐकावं लागणार.

आता कुणी म्हणेल, कॉम्प्युटर वाचेल की! वाचतो आहेच. क्षयाच्या चाचपणीसाठी कॉम्प्युटरने फोटो वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. गावोगावी जिथे तज्ज्ञ नाही तिथे त्याचा उपयोगच आहे. पण कॉम्प्युटर शिकतो तो माणसांनी आधी दिलेल्या उत्तरांवरूनच. त्याला टी.बी.च शोधायला शिकवलं, तर तो टी.बी.च शोधणार. ‘काम काय करता?’ हे त्यालाही कुणीतरी सांगावंच लागेल.

मग करायचं काय? फार खर्चिक असं काहीच नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात एकच फोटो तिघांनी वेगवेगळा, एकमेकांचं मत न पाहता वाचावा आणि मधलं मत धरावं. नाव झाकलेलं असावं, फोटो कुणी पाठवला हे वाचणाऱ्याला कळू नये. नमुन्याच्या फिल्म शेजारी असाव्यात. धुळीत कधीच काम न केलेल्या काही माणसांचे फोटो अधूनमधून मिसळावेत, म्हणजे सगळीकडे आजार दिसणारा आणि कुठेच न दिसणारा, दोघेही आपोआप उघडे पडतील. बोर्डाच्या परीक्षेत आपल्या मुलांच्या उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकतात ना? मग कामगाराच्या फुप्फुसाला तेवढीही शिस्त नको? आणि एवढं करूनही शंका उरलीच, तर त्याने धुळीत काढलेली वर्षं, त्याची धाप, श्वासाची तपासणी यांना वजन द्यावं. आजवर शंकेचा फायदा नेहमी पैसे देणाऱ्याला मिळत आला आहे. तो निदान अर्धा तरी कामगाराकडे वळायला हवा.

आणि मैत्रिणींनो, काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. घरातले कागद सांभाळतं कोण? आपणच! जुना फोटो रद्दीत टाकू नका. आज काढलेल्या फोटोशेजारी दहा वर्षांपूर्वीचा धरला तर बदल दिसतो, एकट्या फोटोत तो दिसत नाही. डिजिटल असेल तर कॉपी मागून घ्या. कोणत्या मालकाकडे, कोणत्या कामावर, किती वर्षं, हे एका वहीच्या पानावर लिहून ठेवा आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुढे करा. तोंडी ‘क्लिअर आहे’वर भागवू नका, लेखी रिपोर्ट घ्या, त्यावर सही कुणाची आहे ते पाहा. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर आधी फोटो दाखवा, पहिला रिपोर्ट नंतर. टी.बी.चं औषध अर्धवट मात्र सोडू नका. पण थुंकीत जंतू न सापडता दुसऱ्यांदा तेच औषध सुरू होत असेल, तर एवढं नक्की विचारा, ‘डॉक्टरसाहेब, हा धुळीचा आजार असू शकेल का?’

आणि स्वतःचाही फोटो काढून घ्या. क्रशरवर पाट्या उचलणाऱ्या बाईचं नाव हजेरीवर नसलं तरी धूळ तिच्याही छातीत जाते. कामावर न जाणाऱ्या बाईलाही ती सोडत नाही. १९६५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या घरातल्या माणसांनाही छातीच्या अस्तराचा कर्करोग झाल्याचं नोंदलं गेलं. त्यात कामाचे कपडे धुणाऱ्या बायका होत्या. त्या कधीच कारखान्यात गेल्या नव्हत्या, त्यामुळे ‘काम काय करता?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर एकच असणार : ‘काही नाही, घरीच असते.’ पुढच्या वेळी हे उत्तर देताना नवरा कुठे काम करतो आणि त्याचे कपडे कोण झटकतं, हेही सांगा. डॉक्टर लिहून घेईपर्यंत सांगा.